सावंत सर आणि आमची डीएनए लॅब

पुरावा सीलबंद ठेवायला आम्हाला शिकवलंय, किस्से सीलबंद ठेवायला कोणी शिकवलं नाही. पोलिसांसाठी डीएनए तपासणाऱ्या लॅबमध्ये माझी नोकरी, घर लालबागला. लग्नकार्यात चार माणसं भेटली की पहिला प्रश्न, "काय गं, नवीन काय?" मग मी सावंत सरांपासून सुरू करते.

सर आमचे सीनियर. ते नोकरीला लागले तेव्हा डीएनए नव्हता, नुसता रक्तगट! कोर्टात वकिलाने विचारलं, "हा गट आणखी कोणाचा असू शकतो?" सर प्रामाणिक. म्हणाले, "माझासुद्धा आहे." वकील लगेच, "मग त्या दिवशी तुम्ही कुठे होतात?"

*

पुढे डीएनए आला. सुरुवातीला तपासायला रक्ताचा रुपयाएवढा डाग लागायचा. "मोठा नमुना आणा," हे आम्ही पोलिसांच्या डोक्यात इतकं भरवलं की टाचणीच्या टोकाएवढा डाग पुरायला लागला तरी ते ऐकेनात. एका हवालदाराने चिंचपोकळीच्या चाळीतून डागासकट अख्खं दार आणलं!

"अहो, आणि त्या घराला?"

"पडदा लावलाय, मॅडम. तुम्ही आटपा लवकर."

*

नवीन पद्धत तर भलतीच तिखट. बोलताना उडालेली थुंकीसुद्धा पकडते. म्हणून आम्हा सगळ्यांचे डीएनए फाइलला आहेत. एकदा एका चाकूवर अनोळखी पुरुष निघाला. पोलिसांना कळवण्याआधी फाइलशी ताडून बघितलं, तर सावंत सर! मी चाकू तपासत असताना मास्क खाली करून मला समजावत होते ना! सर शांतपणे म्हणाले, "एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच पकडला गेलो." उरलेल्या नमुन्यावर टेस्ट परत केली, ती चोख आली.

*

शीव कोळीवाड्यातल्या एका मावशींचा मुलगा बोटीवरून बेपत्ता झाला होता. किनाऱ्याला हाडं सापडली, पण खाऱ्या पाण्यामुळे जुन्या पद्धतीने त्यातून काहीच निघेना. मासळी विकून झाली की मावशी पोलीस ठाण्यात जायच्या, "माझा हाय का त्यो?" अशी वर्षं गेली. नवीन किट आल्यावर सरांनी ती हाडं स्वतः परत तपासायला घेतली, मावशींच्या रक्ताशी ताडली. जुळलं! मला रडू आलं, खोटं कशाला सांगू.

रिपोर्ट न्यायला हवालदार आला, मागोमाग मावशी. "नक्की माझाच ना, सायेब?"

मुलाचा डीएनए निम्मा आईकडून येतो, निम्मा बापाकडून. सरांनी सोपं करून सांगितलं, "मावशी, निम्मा तुमच्याशी जुळतोय. म्हणजे तुमचाच."

मावशींनी पदराने डोळे पुसले.

"निम्मा? त्याचा बाप तर त्यो पोटात असतानाच गेला. अख्खा माझा हाय. तसंच लिवा."