होसान्ना आणि सालोमीबाईंचं छप्पर

आगबोटीतून पडावात (किनाऱ्यावर नेणारी मोठी होडी) उतरताना माझी टोपी समुद्राला अर्पण झाली आणि मी बोडक्याने रत्नागिरीत प्रवेश केला. इथल्या लहानशा ख्रिस्ती मंडळीत ईस्टरआधीच्या पवित्र सप्ताहाच्या उपासना चालवायला मला नगरहून धाडले होते.

दुसऱ्या दिवशी झावळ्यांचा रविवार. प्रभू यरुशलेमेत आला तेव्हा लोकांनी झावळ्या हलवल्या, त्याची आठवण. नगरला आम्ही कडुनिंबाच्या डहाळ्यांवर भागवतो. इथे तर देवळामागच्या डबक्यात नारळाच्या झावळ्यांचा ढीगच पडलेला! कुणी टाकून दिला असणार. मी देवाचे आभार मानले, कोयता मागून आणला आणि हातात मावतील असे सगळ्यांचे तुकडे केले.

सकाळी मिरवणूक निघाली. 'होसान्ना' असा प्रभूचा जयजयकार करत हात वर केला, की डबक्यातले पाणी बाहीतून थेट काखेत. तरी मंडळी नेटाने गात होती. तेवढ्यात देवळाशेजारी एकट्या राहणाऱ्या सालोमीबाई आडव्या आल्या.

"काय वो मास्तर, माझं छप्पर घेऊन कुठं निघालात?"

गाणे थांबले. भिजवलेल्या झावळ्यांचे झाप (छपरावर घालायचे विणलेले पडदे) करतात आणि पावसाआधी ते चढले नाहीत तर घरात राहता येत नाही, हे मला भर मिरवणुकीत कळले.

"बाई, नव्या झावळ्या आणून देतो."

"आणा. पण माझी बोटं आता वळत नाहीत. विणणार कोण, तुमचा होसान्ना?"

मंडळीने घरोघरच्या झावळ्या आणल्या. हिंदू शेजाऱ्यांनीही दिल्या, हसत हसत. बुधवारपासून मंडळीतल्या बायकांबरोबर मी बाईंच्या अंगणात विणायला बसलो. प्रवचने तशीच राहिली.

"मास्तर, झाप सांगितलाय. मासे धरायचं जाळं नको."

शुक्रवारी क्रूसाची उपासना संपवून पुन्हा अंगणात आलो. बोटे सोलली होती. बाईंनी कुळथाचे पिठले आणि भाकरी पुढे ठेवली, आणि मी जेवेपर्यंत एक एक पाती सरळ करत बसल्या.

शनिवारी छप्पर चढले. माझे तीन झाप शेवटी उरले.

"हे गोठ्यावर टाका," मी म्हणालो.

"नको, माझ्या खाटेच्या बरोबर वर घाला. गळलं की तुमची आठवण येईल. तुमच्यासाठी प्रार्थना करायला काही निमित्त नको का?"

ईस्टरला मी काय बोललो ते कुणालाच आठवत नाही, मलाही नाही.

आता नगरला आषाढ कोरडाच चालला आहे. काल उपासनेत पावसासाठी प्रार्थना करायची पाळी माझी होती. मोठ्याने भरपूर मागितला. मंडळी "आमेन" म्हणाली. मग मी हळूच पुस्ती जोडली, "आणि प्रभो, रत्नागिरीला जरा बेताने. खाटेवरचे तीन झाप माझे आहेत."