लोधिवलीची राखण

दसऱ्याला आमच्या कर्जतच्या घरात एकाच पाटावर तीन गोष्टींची पूजा व्हायची. पणजोबांची तलवार, बाबांची कायद्याची पुस्तकं आणि भातकापणीचा विळा. घराण्यात प्रत्येक पिढीत एक जण लष्करात, एक वकिलीत आणि एक शेतीवर, असं चालत आलेलं, आणि त्याचा आम्हाला भारी तोरा होता. आलेल्या पाहुण्यांना बाबा तो पाट हौसेने दाखवायचे. माझ्या आठवणीत काका सुभेदार होते, बाबा वकील होते, आणि शेतीवर कुणीच उरलं नव्हतं. विळा तेवढा उरला होता. पाटाभोवतीची रांगोळी आई काढायची. पाटावर तिचं काही नसायचं आणि असावं असं कुणाला वाटलंही नाही.

लोधिवलीला जुन्या हायवेपासून जवळच आमचा एक तुकडा आहे. भाताची दोन खाचरं, मागे थोडा माळ आणि दोन खोल्यांचं कौलारू घर. मी शाळेत होते तोवर त्याच्याकडे कुणी ढुंकून पाहत नव्हतं. मग आजूबाजूला बंगल्यांच्या प्लॉटच्या पाट्या लागल्या आणि बाबांच्या चुलतभावाला आठवलं की त्या जागेत आपल्या वडिलांचा हिस्सा होता. त्याने येऊन तारेचं कुंपण घातलं. काकांनी ते उपटून टाकलं. बाबांनी दावा लावला. कितीतरी वर्षांनी फौजीला आणि वकिलाला घरचंच काम मिळालं होतं, आणि खरं सांगायचं तर दोघेही खुशीत होते.

अशा दाव्यात सगळं ताब्यावर असतं, असं बाबा सांगायचे. जागेवर राहतं कोण, चूल कोणाची पेटते, हे दिसलं पाहिजे. राखणदार ठेवावा तर उद्या तोच कूळ म्हणून उभा राहायचा, ही वकिली भीती. म्हणजे घरचंच माणूस हवं. काका महिनाभर राहिले. त्यांनी फाटकाला साखळी घातली, आवारात मोठा दिवा लावला, कोणी आलं तर काय करायचं ते आईला पढवलं आणि गुडघ्याचं निमित्त काढून पुण्याला मुलाकडे गेले. बाबांना रोज कोर्ट. मी कॉलेजात. राहता राहिली आई.

"तात्पुरतं आहे अगं," बाबा तिला म्हणाले. "निकाल लागला की लगेच परत."

ती चार भांडी, देव्हाऱ्यातला बाळकृष्ण आणि शिलाई मशीन घेऊन गेली. तिकडचं वीजबिल तिच्या नावावर झालं, गॅस तिच्या नावावर आला, मतदार यादीतलं नावही तिकडे गेलं. असा एकेक कागद हाती आला की बाबा हरखून तो फाइलला लावायचे. मी सुटीच्या दिवशी टमटमने जायचे. सुरुवातीला ती दारातच विचारायची, "पुढची तारीख कधी गं?" पुढेपुढे विचारेनाशी झाली. कुणाच्या बारशाला नाही, कुणाच्या दहाव्याला नाही. कर्जतच्या स्वयंपाकघरातले तिचे डबे रिकामे झाले, आणि एकदा मी घरी आले तर तिच्या खोलीत बाबांनी पक्षकारांना बसायला खुर्च्या मांडलेल्या होत्या. मला त्या खुर्च्यांचा अजून राग येतो.

माझं लग्न ठरलं तेव्हा आईने पैठणी घेतली. मला घेऊन खोपोलीला गेली, दुकानात बराच वेळ बसली, आणि दुकानदार कंटाळला तेव्हा कुठे तिला मोरपिशी रंगाची एक पसंत पडली. मला वाटलं, चला, लग्नाच्या निमित्ताने का होईना, आई घरी येईल.

लग्न तोंडावर आलं आणि लोधिवलीला येऊन बाबांनी विषय काढला. "त्या दिवशी सगळं घर मांडवात असणार, हे समोरच्यालाही ठाऊक आहे. तो नेमका तोच दिवस साधेल." काकांनी पुण्याहून फोनवर दुजोरा दिला. पहारा ढिला पडतो तो अशाच दिवशी, म्हणे.

शेजारच्या शेतातली बाई आईच्या ओट्यावरच बसली होती. ती आईला म्हणाली, "वयनी, तुमी जा ना पोरीच्या लग्नाला. आमी हाय ना इथं. कोन येतंय ते बगतो आमी."

बाबांनी मान हलवली. परक्या माणसाची राखण कोर्टात चालणार नव्हती. मी रडले, भांडले, मला नकोच असलं लग्न म्हणाले. शेवटी आईनेच मला गप्प केलं. "इतकी वर्षं राखलंय, एका दिवसासाठी कशाला घालवायचं? मी फोनवर बघेन."

तर कर्जतच्या हॉलमध्ये माझं लग्न आईविना लागलं. कन्यादानाला काका-काकू बसले. मामेबहीण फोन उंच धरून आईला मंगलाष्टकं दाखवत होती. आणि पहिल्या रांगेत, अगदी मधल्या खुर्चीत, फेटा बांधून तो चुलतकाका बसला होता. बायको, मुलं, सुना, सगळं घर घेऊन आलेला. कोर्टातलं वैर कोर्टात. भाऊबंदांना अक्षत दिल्याशिवाय आमच्याकडे लग्न होत नाही. बाबा स्वतः त्याच्या घरी जाऊन पत्रिका देऊन आले होते. मी पाया पडले तेव्हा त्याने डोक्यावर हात ठेवला. "सुखात रा गं पोरी." पंगतीत बाबांनी त्याला आग्रह करकरून जिलबी वाढली.

ज्याच्या भीतीने आई तिकडे बसली होती तो माणूस इकडे जेवत होता. हॉलबाहेर पाहुण्यांच्या गाड्या ओळीने उभ्या होत्या, लोधिवली काही विलायतेत नव्हती. वकील, फौजी, सगळे शहाणे तिथे हजर होते, आणि कुणाच्याच डोक्यात आलं नाही. माझ्या लक्षात आलं तेही पुढे कधीतरी, अल्बम चाळताना. मी तो अल्बम आईला कधी दाखवला नाही. तिला हे कळू नये एवढंच वाटायचं.

संध्याकाळी सासरी पनवेलला जाताना आम्ही लोधिवलीला थांबलो. आई ओट्यावर बसली होती. पैठणी, गजरा, हातात हिरवा चुडा, मांडवात मिरवणारी वधूमाय दिसावी तशी. "आमच्यासाठी एवढी नटलीस होय?" मी म्हटलं. ती हसली आणि माझी ओटी भरायला आत गेली.

गेल्या हिवाळ्यात तडजोड झाली. बाबाही थकले होते, तो चुलतकाकाही थकला होता. जागा निम्मी निम्मी. घर आमच्या निम्म्यात आलं. मोजणी आटोपल्यावर दोघे आईच्या ओट्यावर बसून जुन्या आंब्याच्या झाडांच्या गप्पा मारत होते. मीही गेले होते. बाबांनी आत हाक मारली, "चहा टाक, आणि मग आवर. गाडी आणलीय, आजच घरी जाऊ."

"तुम्ही व्हा पुढे," आई आतून म्हणाली. "मी इथंच राहते."

"अगं, आता राखायचं काय उरलंय?"

मी आत तिच्याकडे स्वयंपाकघरात गेले. घरी का येत नाहीस, कोणावर रागावलीस, असं बरंच काही विचारलं. ती चहाकडे बघत होती.

"तुझ्या लग्नात मला फोनवर हे भाऊजी दिसले होते," ती बाहेरच्या आवाजाकडे मान करून म्हणाली. "पहिल्या रांगेत. फेटा बांधून. म्हटलं, चला, आता काही भीती नाही. आता कुणाच्या तरी लक्षात येईल, गाडी पाठवतील. म्हणून पैठणी नेसले, गजरा माळला आणि ओट्यावर येऊन बसले."

मग तिने चार कपांत चहा गाळला आणि ट्रे घेऊन बाहेर गेली.