बर्फातला काटा

वृद्धांच्या त्या निवासात दादा अठरा वर्षं स्वयंपाक करत होता. हात असा बसलेला, की मांस शिजलं का ते नुसत्या वासावरून सांगे. तरी नियम म्हणजे नियम. तापमापकाची लांब सुई कोंबडीच्या सगळ्यात जाड भागात, हाडाला न टेकवता खुपसायची आणि काटा चौऱ्याहत्तर अंशांवर गेला की मगच वाढायचं.

एका सोमवारी तो तापमापक दादाच्या हातून फरशीवर आपटला. काच शाबूत होती. त्याने इकडेतिकडे पाहिलं, तो पुसला आणि मुकाट्याने खुंटीला अडकवला.

बुधवारी जेवणात कोंबडी होती. गुरुवारी अकरा जणांची पोटं बिघडली. त्यांतल्या मास्तरांना तर सलाईन लावावं लागलं.

दुसऱ्या दिवशी तपासनीस बाई आल्या. त्यांनी पेलाभर बर्फात थोडं पाणी घालून सुई बुडवली. काटा शून्यावर यायला हवा होता, तो नऊवरच अडून बसला.

"या नळीत दोन धातूंच्या जोडपट्टीची गुंडाळी असते," त्या म्हणाल्या. "तापली की एक धातू जास्त वाढतो, दुसरा कमी. मग गुंडाळी पिळते आणि काटा फिरतो. दणका बसला की काटा जागचा सरकतो. चौऱ्याहत्तर दिसत होते तेव्हा आत पासष्टच होते. हा पडला होता का?"

दादा पेल्यातल्या बर्फाकडे बघत राहिला. व्यवस्थापकच म्हणाले, "धुणंपुसणं काकूंकडे असतं. त्यांनीच पाडला असेल."

"मी नाही पाडला," ओट्यापाशी भांडी पुसणाऱ्या काकू म्हणाल्या. कोणी मनावर घेतलं नाही. त्यांची रवानगी वरच्या मजल्यावर चादरी बदलायला झाली.

तपासनीस बाईंनी तबकडीमागची चाकी फिरवून काटा ठिकाणावर आणून दिला होता. तरी दादा रोज सकाळी बर्फ घेऊन बसे. बायकोने काय झालं विचारलं, तर तिच्यावरच खेकसला.

दोन आठवड्यांनी तो मास्तरांना सूप द्यायला गेला. मास्तर अर्धे झाले होते.

"तुझ्या हातचं कधी बाधलं नाही रे," ते म्हणाले. "त्या काकूंनीच घोळ घातला."

दादा तिथून उठला तो थेट व्यवस्थापकांच्या खोलीत गेला आणि सगळं सांगून टाकलं. त्याला महिनाभर घरी बसवलं. काकू परत स्वयंपाकघरात आल्या.

परत कामावर रुजू झाला त्या दिवशी तो त्यांच्यासमोर उभा राहिला. "काकू, चुकलं माझं."

काकू कांदा चिरत होत्या. "हातून पडतं रे, कोणाच्याही हातून पडतं," त्या म्हणाल्या. "पण मी नाही म्हणत होते तेव्हा तू माझ्याकडेच बघत होतास."

दोघं अजून त्याच ओट्यावर काम करतात, कामापुरतं बोलतात. मास्तरांना मात्र अजून जिना उतरवत नाही, ते जेवायला खाली येत नाहीत. त्यांचं ताट दादा स्वतः वर घेऊन जातो.