गाठ आणि सहा ऊक्कु

जुन्या शतकांत लोक कपडे कसे बांधत, असं तुम्ही शाळेसाठी विचारलंत. तुमच्या पुस्तकात कापडात टोचायचे काटे आहेत, बटणं आहेत, नाड्या आहेत, गाठ नाही. मग पुस्तक बाजूला ठेवा आणि लिहून घ्या. नऊवारीला काष्टा, चोळीला पुढे गाठ. रीत शेकडो वर्षांची, आणि पन्नासच्या दशकात, मद्रासमध्ये, ती माझ्या अंगावर होती.

तेव्हा मी बी.ए. होऊन मुलींच्या एका शाळेत इंग्रजी शिकवायला अर्ज केला. मुख्याध्यापिकांनी प्रश्न विचारले, पसंत केलं, मग चोळीकडे बोट दाखवलं. "सोमवारी हुकांचा ब्लाउज घालून या. गाठ मारून वर्गात येणं बरं दिसत नाही."

नोकरी मला हवीच होती. मी मान हलवली. त्या मान हलवण्याची अजून लाज वाटते.

तिरुवल्लिकेणीतल्या आमच्या गल्लीत शिंपी होता. तमिळमध्ये हुकाला कोक्की म्हणतात, हे मला ठाऊक होतं. पण नव्या मास्तरणीची ऐट! मी म्हणाले, "सहा हूक लावा." त्याने ऐकलं ऊक्कु, म्हणजे तमिळमध्ये सेफ्टी पिन. सोमवारी सकाळी ब्लाउज आला तो पुढून सताड उघडा, सोबत कागदाच्या पुडीत सहा पिना.

सासूबाई हसता हसता खालीच बसल्या. "घे, टोचून घे सहा ठिकाणी! तुझं इंग्रजी तुलाच बोचू दे." मग डोळे पुसत म्हणाल्या, "काय गं, तुझी गाठ कधी सुटली होती का?"

नव्हती. एकदाही नव्हती. मी जुनी चोळी घातली, गाठ रोजच्यापेक्षा घट्ट मारली आणि शाळेत गेले.

"मी सांगितलं होतं ना?" मुख्याध्यापिकांच्या कपाळावर आठ्या. त्यांचा स्वतःचा पदर खांद्यावर पिनेने अडकवलेला.

"मॅडम, ही गाठ मी बांधते, मीच सोडते. इंग्रजी शिकवायला हूक लागत असेल तर तसं कागदावर लिहून द्या. मी घरी जाते."

घंटा झाली. त्यांनी कागद ओढला नाही.

"वर्ग दुसऱ्या मजल्यावर," त्या म्हणाल्या. "जिन्यात काष्टा सांभाळा."

"तो मला सांभाळतो," म्हटलं, आणि दोन-दोन पायऱ्या चढत वर गेले.