सूज कोणी उतरवली?

बायकोचा उजवा गुडघा सुजला, तेव्हा कोलशेतच्या आमच्या बिल्डिंगमध्ये किती वैद्य राहतात हे मला प्रथमच कळलं. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. ती नौपाड्यातल्या एका क्लासमध्ये शिवण शिकवते. तिथल्या मालकीणबाईंनी स्पष्ट सांगितलेलं, "सोमवारपर्यंत आलात तर ठीक, नाहीतर मला दुसरी बाई बघावी लागेल."

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि जिना उतरू नका म्हणाले. न उतरणं फुकट असल्यामुळे त्याला औषध म्हणायला कोणी तयार नव्हतं.

समोरच्या वहिनी निर्गुडीचा पाला घेऊन आल्या. तव्यावर गरम करून बांधायचा.

"किती पानं?" मी विचारलं.

"अहो, गुडघा झाकेल एवढी!"

पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी गुळवेलीचा काढा पाठवला. त्याचं प्रमाण 'अंदाजे'. मग मेहुण्याचा फोन आला, "भाऊजी, हळद आणि मिरपूड द्या तिला. शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय."

मी वाचून पाहिलं. अगदीच खोटं नव्हतं. हळदीतलं करक्युमिन नावाचं द्रव्य काचेच्या नळीतल्या पेशींची सूज छान आवरतं. फक्त हळदीत ते शेकडा तीन-चार भाग असतं आणि आतड्यातून रक्तात जायला फारसं राजी नसतं. मिरी त्याला मागून ढकलते. निर्गुडी-गुळवेलीचंही बरंचसं तसंच. नळीत उत्तम, उंदरांत बरं. आमच्या घरी नळी नव्हती, गुडघा होता.

"अपाय तर काही नाही ना?" हा प्रत्येकाचा हुकमी मुद्दा. गुण आला तर पाल्याचा, नाही आला तर तुम्ही पथ्य मोडलं. इतका बिनतोट्याचा धंदा मी दुसरा पाहिलेला नाही.

बायकोने सगळंच घेतलं. मी तिच्याच टेपने रोज सकाळी दोन्ही गुडघे मोजत होतो. शुक्रवारी उजवा डाव्याच्या बरोबरीला आला. मला आनंद झाला, आणि लगेच प्रश्न पडला: कशाने?

"अगं, आता एकेक बंद करून बघू. आज काढा, उद्या पाला. सूज परत आली की कळेलच."

मेथी निवडणारे तिचे हात थांबले. "परत आली की?"

"म्हणजे समजा..."

"आणि सोमवारी क्लासला कोण जाणार, तुमची टेप? तुमचा सुजला की करा काय ते प्रयोग."

सोमवारी ती कठडा धरून निघाली, मागोमाग मी. समोरच्या वहिनी दारातच होत्या. "बघा, निर्गुडी!"

"तर काय, तुमच्याच पाल्याने."

पहिल्या मजल्यावर काकूंना ती म्हणाली, "काढ्यानेच हो, काकू." रिक्षात बसता बसता भावाला फोनवर हळदीचंही पूर्ण श्रेय देऊन झालं. एका गुडघ्याचे तीन वाटेकरी, आणि प्रत्येकाला शंभर टक्के.

"सगळ्यांशी खोटं का बोललीस?" मी विचारलं.

"कुठलं खोटं ते सांगा. तुम्हाला तरी ठाऊक आहे?"

तिने रिक्षावाल्याला नौपाडा सांगितलं आणि पाय आत घेतला. उजवा, वाकवून.