डिक्कीला काठी लावा म्हणे

माझ्या नवऱ्याला चालता येत नाही. मणक्याच्या आजारात त्यांचे पाय गेले. तेव्हापासून कुठंही निघालो की त्यांची चाकाची खुर्ची घडी करून डिक्कीत टाकायची आणि पोहोचलो की बाहेर काढायची, हे काम माझं. गाडीही मीच चालवते.

आमच्या गाडीचा मागचा दरवाजा वर उघडतो. त्याला उचलून धरायला दोन्ही बाजूंना गॅस भरलेले दांडे असतात. जालन्यात त्यांना डिक्कीचे शॉकर म्हणतात. मागच्या हिवाळ्यात ते थकले. दरवाजा वर केला की क्षणभर थांबायचा आणि हळूहळू माझ्या डोक्यावर उतरायला लागायचा. एका हातानं तो धरावा, तर उरलेल्या एका हातानं खुर्ची निघत नव्हती.

नवीन जालन्यातल्या आमच्या नेहमीच्या सर्व्हिस सेंटरला गाडी नेली. तिथला सुपरवायझर दरवाजाला हातसुद्धा न लावता म्हणाला, "थंडीत असं होतंच मॅडम. उन्हाळ्यात बराबर होऊन जाईल."

"आणि तोवर काय करू?"

"एखादी काठी ठेवा गाडीत, डिक्कीला लावायला. लई जण ठेवतात." मग आवाज जरा खाली आणून, "साहेबांना पाठवून द्या ना, त्यांना समजावून सांगतो."

"साहेब पुढच्या सीटवर बसलेत," मी म्हणाले.

त्यानं वाकून आत पाहिलं. यांचे पाय पाहिले. मग गाडी तेवढी चकाचक धुऊन दिली.

पुढं तीर्थपुरीला नणंदेच्या नातवाचं बारसं होतं. बाजाराच्या रस्त्यालगत गाडी लावली, डिक्की उघडून काठी टेकवली आणि खुर्ची ओढली. खुर्चीचं चाक काठीला लागलं, काठी सटकली आणि दरवाजाची कड धाडकन माझ्या डोक्यावर आली. मी मातीतच बसले. हात लावला तर रक्त.

"काय झालं? अगं, काय झालं?" हे पुढून ओरडत होते. उतरणार कसे? खुर्ची माझ्या शेजारी आडवी पडलेली. त्यांनी हॉर्न दाबला आणि दाबूनच धरला. लोक धावत आले. कुणी पाणी दिलं, कुणी रुमाल दिला. आणि एक जण पार मोठ्यानं म्हणाला, "संगं कोणी पुरुष माणूस न्हाई का या बाईच्या?"

हॉर्न बंद झाला.

टाके घालताना दुखलं नसेल एवढं मला त्या बंद झालेल्या हॉर्ननं दुखलं.

डोक्याला पट्टी असतानाच मी सर्व्हिस सेंटरला गेले. डिक्की उघडून काठी लावली आणि सुपरवायझरला बोलावलं. "या, इथं खाली उभे राहा. मी काठी काढते."

तो हसला. "मॅडम, हे काय करून राह्यल्या तुम्ही?"

"थंडीत असं होतंच ना? मंग भ्यायचं काय त्यात? उभे राहा."

बाकीची गिऱ्हाइकं बघायला लागली. तो जागचा हलला नाही. शेवटी म्हणाला, "दोन्ही शॉकर बदलावे लागतील. पार्ट मागवतो, गाडी ठेवून जा."

"म्हणजे त्या दिवशीही बदलता येत होते?"

"त्या दिवशी गर्दी होती मॅडम."

गर्दी होती! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. गाडी तिथून काढली, स्टेशनकडच्या स्पेअर पार्टच्या दुकानातून जोडी घेतली आणि घरी आले.

यांनी मोबाइलवर व्हिडिओ शोधला, तीनदा पाहिला. मग खुर्ची डिक्कीखाली आणून दोन्ही हात वर ताणले आणि दरवाजा धरला. खुर्ची ढकलून ढकलून त्यांचे दंड दगडासारखे झालेत. "मी धरतो. तू कर."

दांड्याच्या टोकाला एक वाटी असते, ती गाडीवरच्या गोटीवर बसते. वाटीमागची तारेची क्लिप बारीक पेचकसानं सैल केली आणि जुना दांडा निघून आला. नवा लावला, जाड नळी वर आणि बारीक दांडी खाली, टक्‌ आवाज येईपर्यंत दाबला. मग दुसरी बाजू. जुना दांडा जमिनीवर टेकवून तळहातानं दाबला, तर लोण्यात बोट जावं तसा आत गेला. याच्या भरवशावर मी रोज मान घालत होते!

"सोडा आता," मी म्हणाले.

त्यांनी एक हात सोडला. मग दुसरा. दरवाजा होता तिथंच राहिला. 

गेल्या महिन्यात धावड्याला जाऊन आलो. खुर्ची दोन्ही हातांनी काढली. वाटेत त्या सुपरवायझरच्या नावानं चाललेली माझी बडबड ऐकून हे म्हणाले, "झालं ना काम? सोड की आता राग."

"न्हाई सोडत," मी म्हणाले, आणि गाडी पुढं काढली.