लाल ठिपकेवाले हिरामणदादा

हिरामणदादांच्या खाकी शर्टाच्या खिशात पेन नसायचं, नेलपॉलिशची बाटली असायची. लालभडक. इंजिनाचा कुठलाही नट आवळून झाला की ते बाटली काढत आणि त्यावर एक ठिपका देत, अर्धा नटावर, अर्धा खालच्या लोखंडावर. नंतर कुणी दुसऱ्यानं पाना लावला की ठिपका तुटायचा आणि दादांना कळायचं. नव्या गिऱ्हाइकाला हे बघून हसू यायचं. "हसतोस काय रे? ही माझी सही हाय," ते म्हणायचे. "मला धड लिवता येत नाय, पन सही कोनाची ते कळतं."

मुरबाड सोडून माळशेजच्या रस्त्याला लागलं की त्यांचं पत्र्याचं गॅरेज लागायचं. माझी पिकअप तेव्हाच म्हातारी झाली होती. भाताची झोडणी झाली की वैशाखऱ्याच्या आजूबाजूच्या गावांतला पेंढा गोळा करायचा आणि घाट चढून जुन्नरकडच्या गोठ्यांना पोचवायचा, हा माझा धंदा. पेंढा हलका असतो असं म्हणणाऱ्यांनी तो केबिनच्या दुप्पट उंच रचून कधी घाट चढवलेला नसतो. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये रडत चढायची आणि मागे हॉर्न वाजवणाऱ्यांची रांग लागायची. वरच्या एका मोठ्या गोठेवाल्यानं मला दोनदा ऐकवलं होतं की असाच उशीर केलास तर नव्या गाडीवाल्याला सांगतो. तो सुटला असता तर माझा हंगामच बुडाला असता, आणि नवी गाडी माझ्या आवाक्यातली नव्हती. म्हणून मी दादांकडे गेलो आणि म्हणालो, "दादा, स्वस्तात जरा हॉर्सपॉवर वाढवून द्या."

दादांनी बॉनेट उघडलंच नाही. ते गाडीभोवती एक चक्कर मारून आले.

"पुढं लोखंडी गार्ड, मागं शिडी, वर नावाची कमान. ही गाडी हाय का लग्नाचा मांडव?"

"शोभा हाय, दादा."

"मंग शोभाच वडत नेतंय इंजिन. पेंढा कधी वडनार?"

ते सगळं त्यांनी मलाच उतरवायला लावलं. त्यांची पद्धतच ती होती, मालकानं उभं राहून गंमत बघायची नाही. मग एअर फिल्टर काढून जमिनीवर आपटला, तर पेंढ्याचा ओंजळभर भुसा निघाला. "तुझ्या नाकात बोळा कोंबून तुला माळशेज चढायला सांगितला तर चढशील?" टर्बोच्या पुढचा पाइप फाटला होता आणि त्यावर मी सायकलची ट्यूब गुंडाळली होती. ती पट्टी दादांनी चिमटीत धरून मला दाखवली. मागचे ब्रेक चिकटत होते, म्हणजे गाडी आपलाच पाय धरून चालत होती. पाइप बदलला, ब्रेक मोकळे केले, टॅपेट सेट केले, इंजिनात डिझेल फवारणारे नोझल काढून साफ करून पुन्हा बसवले. प्रत्येक ठिकाणी लाल ठिपका पडला. सर्वांत शेवटी डिझेल पंपावरच्या एका स्क्रूवर ठिपका दिला.

"ह्याला हात लावायचा नाय," ते म्हणाले. "हा फिरवला की डिझेल जास्त जातं, ताकद वाढते. खोटं नाय. पन ती उद्याची ताकद असते रे, आज खाऊन टाकल्याली."

त्या हंगामात जिथे दुसरा गिअर लागायचा तिथे मी तिसऱ्यात चढलो. पण माणूस थकलेला असला तरी त्याची हाव थकत नाही. गाडी चढते म्हटल्यावर मी पेंढ्याचा आणखी एक थर वाढवला. पुढच्या हंगामात पुन्हा दुसरा गिअर, पुन्हा हॉर्न, पुन्हा गोठेवाल्याची कुरकुर. दादांकडे जायची मला लाज वाटली. मी गाडी घेऊन थेट शहापूरला गेलो आणि तिथल्या एका गॅरेजमध्ये पंपाचा स्क्रू दीड फेरा फिरवून घेतला. परत येताना गाडी अशी उचलायला लागली की मी केबिनमध्ये एकटाच हसलो. मागे काळा धूर निघत होता, तो मी आरशात बघायचं टाळलं.

तिसऱ्या आठवड्यात, भर दुपारी, घाटाच्या वरच्या वळणावर इंजिन खडखडून बंद पडलं. गाडी दुसऱ्या गाडीला दोरानं बांधून खाली वैशाखऱ्याला आणली. मला भीती इंजिनाची नव्हती, दादांची होती. म्हणून त्यांना बोलावण्याआधी मी पाना घेतला आणि स्क्रू होता तिथे परत फिरवला. जुना ठिपका खरवडला आणि बायकोच्या डब्यातली नेलपॉलिश आणून तिथे नवा दिला. अर्धा इकडे, अर्धा तिकडे. शाळेत असतानाही माझं कुठलं काम इतकं सुबक झालं नसेल.

दादा आले. त्यांनी इंजिन खोललं, तर तीन नंबरचा पिस्टन वरून वितळला होता. त्यांनी चष्मा नाकावर ओढून पंप पाहिला, ठिपक्यावरून अंगठा फिरवला. त्यांची नजर अधू झाली होती हे मला ठाऊक होतं.

"पंपाला कोनी हात लावलेला नाय," ते म्हणाले. मग वितळलेला पिस्टन हातात घेऊन उलटा-सुलटा केला. "म्हंजे नोझल गळून पिस्टन जळला. नोझल मीच बसवले व्हते, भास्कर."

तेव्हा मी बोलायला हवं होतं. माझ्या तोंडून निघालं, "होतं असं कधी कधी, दादा."

त्यांनी इंजिन नीट करून दिलं. पण एकच नट ते आवळायचे, सैल करायचे, पुन्हा आवळायचे. गाडी सुरू झाल्यावर नेहमीसारखी मान हलवली नाही. मी पेंढा वाहायला लागलो. महिन्याभरात रस्त्यावरच्या चहावाल्यानं मला सांगितलं की दादा गिऱ्हाइकांना परत पाठवतात, म्हणतात, "दुसऱ्याकडं जा. माझा हात आता खरा नाय." आणखी महिन्यानं त्यांनी पाने एका ओळखीच्या फिटरला देऊन टाकले आणि गॅरेजला कुलूप लावलं.

मुरबाडला येता-जाता ते कुलूप मला दिसायचं. मी आधीच घाटानं, धुळीनं, गोठेवाल्याच्या बोलण्यानं पार दमलेलो होतो, आणि त्यात हे. दादा पुढच्याच वर्षी गेले. मी खरं सांगायचं आणखी काही महिने टाळत राहिलो असतो तर काय झालं असतं, याचा विचार आजही मला नकोसा वाटतो.

पण ते असतानाच एका दुपारी मी त्यांच्या अंगणात जाऊन उभा राहिलो आणि बसायच्या आधीच सगळं सांगून टाकलं. शहापूरचं, स्क्रूचं, खोट्या ठिपक्याचं. शिवीची तयारी ठेवली होती, थोबाडीतही खाल्ली असती.

"किती फेरे?" त्यांनी विचारलं.

"दीड."

ते मनाशी काहीतरी जुळवत राहिले. "दीड फेरा. वर पेंढा, वर घाट. पिस्टन ऱ्हाईल कसा?" मग माझ्याकडे वळले. "म्हंजे नोझल बरोबर व्हते?"

"बरोबर होते, दादा. तुमचं काही चुकलं नव्हतं."

त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं आणि मला घरात नेलं. "अगो, इकडं ये. हा भास्कर काय सांगतो ते ऐक." सुमनवहिनी भाकरी टाकत होत्या, तशाच पिठाच्या हातांनी आल्या. मी सगळं पुन्हा सांगितलं. त्या मला रागावल्या नाहीत, नुसत्या म्हणाल्या, "दोन म्हयने हा मानूस सोताचे हात बघत बसायचा, भाऊ." मला तिथून पळून जावंसं वाटलं. मी कसाबसा म्हणालो, "दादा, पाने परत आणून देऊ? गॅरेज उघडू आपण."

"नको रे. दमलो मी," ते म्हणाले. "पन दमून सोडनं येगळं आनि चुकलो म्हनून सोडनं येगळं."

मग त्यांनी आटगावला नोकरीला असलेल्या मुलाला फोन लावला, स्पीकर चालू केला आणि फोन माझ्या हातात दिला. मी मान खाली घालून तिसऱ्यांदा सुरुवात केली, "मी शहापूरला गेलो होतो..." दादांनी मला मध्येच थांबवलं.

"ते मागनं," ते म्हणाले. "नोझल बरोबर व्हते, ते आधी सांग."